ठपका, खरडपट्टी आणि टायरेड

माळशिरस : स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांना इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतील समानार्थी शब्द नेहमीच धास्ती घालतात. टायरेड, डायट्राइब, हरँग, रिब्यूक, रेप्रिमांड, सेन्शर अशी लांबलचक यादी पाठ केली जाते आणि साऱ्यांच्या पुढे बहुधा एकच मराठी अर्थ लिहिला जातो : निंदा किंवा खरडपट्टी. परीक्षेत यामुळे एखादा गुण जातो. व्यवहारात मात्र याहून अधिक काही पणाला लागलेले असते.

या शब्दांचे ढोबळ मानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात बोलणाऱ्याचा संताप मुख्य असतो, दुसऱ्यात त्याचा अधिकार.

संतापाचे शब्द

'टायरेड' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. फ्रेंच रंगभूमीवर एका पात्राच्या तोंडी असलेल्या लांब, अखंड भाषणाला हे नाव आहे. त्यामागील मूळ क्रियापदाचा अर्थ ओढणे, तसेच नेम धरून मारणे. मराठी वार्ताहर 'तोफ डागली' असे लिहितो तेव्हा तो नकळत याच प्रतिमेजवळ पोहोचतो. 'डायट्राइब'ची कथा उलटी आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वेळ घालवणे, अभ्यास किंवा प्रवचन असा होता. कडवट, एकतर्फी हल्ला हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. 'हरँग' म्हणजे मुळात जमलेल्या समुदायापुढील भाषण. आज त्यातून ऐकणाऱ्याला नकोसे झालेले, तावातावाचे बोलणे सूचित होते.

'फिलिपिक'मागे तर इतिहासच उभा आहे. मॅसेडोनियाचा राजा दुसरा फिलिप याच्याविरुद्ध अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याने इ. स. पूर्व ३५१ पासून जी भाषणे केली, त्यांवरून हा शब्द रूढ झाला. पुढे रोमच्या सिसेरोने मार्क अँटनीविरुद्ध १४ भाषणे रचली आणि त्यांना हेच नाव मिळाले. इ. स. पूर्व ४३ मध्ये त्याची किंमत सिसेरोला प्राण देऊन मोजावी लागली. 'जेरेमायड' हा शब्द बायबलमधील प्रेषित जेरेमाया याच्यावरून आला. त्यात संतापापेक्षा विलाप आणि येऊ घातलेल्या अनर्थाचा इशारा अधिक असतो.

मराठीतही ही विविधता आहे. सुपातून धान्य पाखडावे तशी आग पाखडली की ती 'आगपाखड'. 'तोंडसुख घेणे' या प्रयोगात सुख कोणाचे, हे उघड आहे. देवाला लक्ष फुले वा बेलाची पाने वाहण्याच्या व्रतातली 'लाखोली' शिव्यांना जोडून भाषेने केलेली थट्टा तर अजोड म्हणावी लागेल.

अधिकाराचे शब्द

दुसऱ्या गटातील शब्द कोणालाही कोणाविषयी वापरता येत नाहीत. 'रेप्रिमांड' म्हणजे वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेली औपचारिक तंबी. मूळ लॅटिन अर्थ दाबून मागे सारणे. 'सेन्शर' हा शब्द रोममधील सेन्सॉर या अधिकाऱ्याशी निगडित आहे. हा अधिकारी नागरिकांची गणना करी, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवी आणि दोषी नागरिकाच्या नावापुढे तशी नोंद करी.

या नोंदीचे वारस आपल्या तालुक्याच्या कचेऱ्यांतही आढळतात. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांत सेन्शरसाठी 'ठपका ठेवणे' असा शब्द असून ती किरकोळ शिक्षांपैकी एक आहे. किरकोळ असली तरी ती शिक्षाच. ती देण्यापूर्वी कर्मचाऱ्याला लेखी कळवून त्याचे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. 'समज' किंवा 'ताकीद' मात्र त्या शिक्षांच्या यादीत नाही. साहेबांनी बैठकीत केलेली 'कानउघाडणी' तर कोणत्याच नियमात बसत नाही. तेव्हा एखाद्या कर्मचाऱ्याला ताकीद मिळाली असता 'ठपका' असे छापले, तर त्याला न झालेली शिक्षा आपण जाहीर करतो.

न्यायालयातही हा भेद महत्त्वाचा ठरतो. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ नुसार, पूर्वी दोषी न ठरलेल्या व्यक्तीला काही अपराधांत न्यायालय योग्य ती समज देऊन सोडू शकते. इंग्रजीत त्यासाठी 'अॅडमोनिशन' हा शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी सावध करण्याचा भाव आहे. न्यायाधीशांनी शासनयंत्रणेवर 'ताशेरे' ओढणे ही त्याहून वेगळी गोष्ट. संसदेत निंदाव्यंजक ठराव आणताना कारणे नमूद करावी लागतात. अविश्वासाच्या ठरावाला ती लागत नाहीत, परंतु तो संमत झाल्यास सरकारला पायउतार व्हावे लागते.

अधिकार नसलेल्यांचे काय ?

अधिकार नसलेल्याने आवाज चढवला की भाषा त्याच्याशी कठोर होते. 'स्कोल्ड' या शब्दाला इंग्लंडच्या कायद्यात एके काळी गुन्ह्याचे रूप होते. सतत भांडून शेजाऱ्यांना त्रास देणाऱ्या स्त्रीला त्याखाली शिक्षा होई आणि पाण्यात बुचकळण्यापर्यंत तिची मजल जाई. हा गुन्हा तेथे १९६७ मध्ये रद्द झाला. पुरुषाचे ते 'खडे बोल' आणि स्त्रीचा तो 'आक्रस्ताळेपणा', ही वाटणी आपल्याकडेही अपरिचित नाही.

परंतु अधिकार केवळ हुद्द्यानेच येतो असे नाही. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी मजल करीत पंढरीला जाते. त्या वाटेवर गायिल्या जाणाऱ्या संतवाणीत विठ्ठलाशी केलेले भांडणही आहे. जनाबाईंनी त्याला खडसावले, तुकोबांनी त्याला जाब विचारला. हा बोल ना रेप्रिमांड, ना टायरेड. त्याला अधिकार आहे तो जिव्हाळ्याचा, आणि त्यासाठी नेमका इंग्रजी शब्द सापडणे कठीण.

म्हणूनच यादी पाठ करताना प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत : बोलणारा कोण, ऐकणाऱ्याशी त्याचे नाते काय, आणि बोलून झाल्यावर कागदावर काही उरते का ? उत्तरे मिळाली की परीक्षेतला पर्याय सापडतोच. शिवाय बातमी लिहिताना वा वाचताना कोणावर नाहक ठपकाही बसत नाही.