बसून करायची शस्त्रक्रिया

ख्रिस्ती उपासनेत साक्ष द्यायला उभे राहतात ते बहुतेक बरे झालेले लोक. कुणाची गाठ विरलेली असते, कुणाच्या कुबड्या सुटलेल्या असतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण माझी ओढ बऱ्या न झालेल्यांच्या श्रद्धेकडे, आणि त्यांत पहिलं नाव डॉ. मेरी वर्गीस यांचं.

पार्श्वभूमी उरकून टाकतो. अमेरिकन मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांनी १९०० साली तमिळनाडूतल्या वेल्लोरला दवाखाना काढला, १९१८ मध्ये मुलींची वैद्यकीय शाळा. तिचंच पुढे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झालं. कोचीनच्या सिरियन ख्रिस्ती घरात १९२५ साली जन्मलेल्या मेरी तिथेच डॉक्टर झाल्या.

जानेवारी १९५४. तरुण डॉक्टरांनी भरलेली स्टेशन वॅगन सहलीला निघाली होती. बसला मागे टाकण्याच्या नादात ती मैलाच्या दगडावर आदळून उलटली. मेरींचा चेहरा फाटला, कणा मोडला आणि कमरेखालची हालचाल गेली ती गेलीच. स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं ठरलं होतं, तेही राहिलं.

आता माझ्या आवडीचा भाग. वेल्लोरलाच शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांचे हात सरळ करत होते. कुष्ठरोगात कोपराजवळची नस निकामी होते, तळहातातले बारीक स्नायू लुळे पडतात, बोटं आत वळतात. कोपराखालचे काही दणकट स्नायू मात्र शाबूत राहतात. ब्रँड अशा एखाद्या स्नायूची, कारकुनाची करावी तशी, दुसऱ्या टेबलावर बदली करत. त्याचा पांढरा चिवट दोर, म्हणजे कंडरा, मूळ जागेवरून सोडवायचा, तळहातातून ओवायचा आणि वळलेल्या बोटांना शिवायचा. ताण जरा जास्त झाला तर बोट ताठ, कमी पडला तर पुन्हा वाकडं. मग काही आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघाल्यावर मेंदूची शिकवणी सुरू होते, कारण स्नायूला अजून जुनंच काम ठाऊक असतं.

संवेदना मात्र परत येत नाही. रात्री उंदीर बोटं कुरतडत आणि झोपलेल्याला पत्ता नसे. म्हणून वेल्लोरच्या रुग्णांना घरी जाताना मांजर दिलं जाई. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात यापेक्षा शहाणं औषध मी तरी वाचलेलं नाही.

हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. ब्रँड यांनी मेरींना तेच सुचवलं आणि त्या चाकाच्या खुर्चीत बसून हात उघडू लागल्या. रुग्णाच्या हाताला चटका कळत नव्हता. डॉक्टरच्या मांड्यांखालची कातडी चिघळली तरी तिला कळलं नसतं, म्हणून थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलायचं. त्या खोलीत कोण कुणाला धीर देत असेल?

बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की देहातला काटा काढ म्हणून आपण प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, सोसण्यापुरती कृपा मिळाली. हा उतारा लोक फार लवकर ऐकवतात, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, खाटेशी उभं राहून. मला ते क्रूर वाटतं. मेरींनी आधी पायच मागितले होते. श्रद्धेने त्यांना पाय दिले नाहीत. सकाळी उठून कामावर जायचं बळ दिलं, आणि माझ्या मते ते काही दुय्यम बक्षीस नव्हे. डोरोथी क्लार्क विल्सन यांनी मेरींच्या चरित्राला नाव दिलं ‘टेक माय हँड्स’, माझे हात घे.

पुढे पर्थला आणि न्यूयॉर्कला त्या पुनर्वसनशास्त्र शिकल्या. १९६३ मध्ये वेल्लोरच्या त्या विभागाच्या प्रमुख, १९६६ मध्ये वेल्लोरजवळच्या बागायमची पुनर्वसन संस्था, १९७२ मध्ये पद्मश्री, १९८६ मध्ये निधन.

आत्याच्या उपचारांसाठी वेल्लोरला राहिलो होतो. इस्पितळासमोरच्या लॉजांवर बंगाली पाट्या, खाणावळीत माछ-भात; तमिळनाडूत आहोत हे विसरायला होतं. एका दुपारी रिक्षाने बागायमला गेलो. कणा मोडलेला एक तरुण खाटेवरून खुर्चीत सरकायला शिकत होता. पाय हाताने उचलून खाली ठेवायचे, ब्रेक लावला का पाहायचं, मग सरकायचं. ब्रेक राहिला की शिकवणारी बाई त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून करायला लावी. प्रार्थनेचं अवाक्षर तिने काढलं नाही. इथे मेळाही भरतो: घरी गेलेले जुने रुग्ण आपापल्या खुर्च्यांवरून येतात, तपासणी करून घेतात आणि मग शर्यती लावतात.