भिंतीआडचं रुग्णालय (लेखांक ६) : शेवटच्या खाटेपर्यंतचा दाब

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, १९ एप्रिल २०२१ रोजी, कळंबोलीच्या मालधक्क्यावरून सात रिकामे टँकर वाघिणींवर चढवून द्रवरूप ऑक्सिजन आणण्यासाठी विशाखापट्टणमला रवाना करण्यात आले. देशातली ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. टँकर चढवण्यासाठी आधी रॅम्प बांधावा लागला. बोगद्यांची आणि विजेच्या तारांची उंची आड येत होती, म्हणून गाडी वसई, जळगाव, नागपूर अशा लांबच्या मार्गाने गेली. नवीन पनवेलकरांसाठी हे सगळं हाकेच्या अंतरावर घडलं.

दोनच दिवसांनी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. ऑक्सिजन आवारातच होता, पण लाइनमधला दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. टँकरचा शेकडो किलोमीटरचा प्रवास सारा देश पाहत होता. टाकीपासून खाटेपर्यंतचे शेवटचे शे-दीडशे मीटर मात्र ज्याच्या भरवशावर असतात, तो रुग्णालयाचा अभियंता तेव्हा कुणाला माहीत नव्हता आणि आजही फारसा माहीत नाही. या आठवड्याचा लेखांक त्याच्या कामाविषयी आहे.

रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या लाइनमध्ये साधारण चार बार दाब ठेवतात. व्हेंटिलेटर त्या दाबावरच चालतात. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि एका लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. हे रूपांतर टाकीशेजारच्या पंखेदार नळ्यांमध्ये, बाहेरच्या हवेच्या उष्णतेवर होतं. त्या यंत्राला व्हेपोरायझर म्हणतात. मागणी वाढली की नळ्यांवर बर्फ साचतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो भराभर साचतो. बर्फाचा थर जाड झाला की उष्णता आत जात नाही, वायू कमी तयार होतो आणि टाकी भरलेली असूनही खाटेवर दाब उतरतो.

सिलिंडरचं गणित तर प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लावावं असं आहे. मोठ्या, म्हणजे डी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर वायू असतो. मिनिटाला पाच लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो जवळजवळ दिवसभर पुरतो. नाकावाटे ऑक्सिजनचा मोठा झोत देणाऱ्या हाय फ्लो मशीनवर मिनिटाला साठ लिटर जायला लागले की तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. असे दहा रुग्ण असतील, तर दर बारा मिनिटांना एक सिलिंडर रिकामा. सिलिंडर लाइनला जोडणाऱ्या मॅनिफोल्डवर रात्रपाळीला एकच माणूस असेल, तर त्याला पाणी प्यायलाही उठता येणार नाही.

खरी मेख पाइपच्या व्यासात आहे. लाइन टाकताना अभियंत्याने ठरावीक खाटांचा हिशोब धरलेला असतो. पुढे व्यवस्थापन खाटा वाढवतं, जनरल वॉर्डाचा आयसीयू होतो, दोन फ्लॅट जोडून वरचा मजला घेतला जातो आणि प्रत्येक वेळी जुन्याच लाइनला नवा फाटा फोडला जातो. शेवटच्या खाटेपर्यंत दाब पोहोचतो का, हे तेव्हा कुणी तपासत नाही. ड्रॉइंग बदललं जात नाही. ज्या फिटरने फाटा जोडला तो नोकरी सोडून गेला, की कुठला झोन व्हॉल्व्ह कुठल्या खोल्या बंद करतो हे सांगणारं कुणी उरत नाही. सिडकोने आखलेल्या नवीन पनवेलसारख्या वसाहतीत निवासी इमारतीच्या खालच्या मजल्यांवर चालणारी छोटी रुग्णालयं पुष्कळ आहेत. त्यांना हा धोका सर्वांत जास्त.

ऑक्सिजन कमी पडण्याइतकंच तो सांडणंही घातक आहे. मास्कच्या कडेने, हाय फ्लोच्या नळीतून तो सतत खोलीत मिसळत असतो. हवेत त्याचं प्रमाण २१ टक्के असतं. ते २३ टक्क्यांच्या वर सरकलं, की चादरी, पडदे, प्लास्टिक सहज पेट घेतात आणि आग झपाट्याने पसरते. ताज्या हवेची सोय असेल तर हे प्रमाण वाढत नाही. पण बऱ्याच छोट्या आयसीयूंमध्ये फक्त स्प्लिट एसी असतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. त्यात तो चोवीस तास, महिनोन् महिने चालू, आणि वायरिंग घरगुती वापराच्या हिशोबाचं. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या आयसीयूत आग लागली. ती एसीतून सुरू झाल्याचं प्राथमिक माहितीत सांगितलं गेलं. त्याआधी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळं गेली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा आयसीयू पेटला. एकाच वर्षात, एकाच राज्यात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ब नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पण हे प्रमाणपत्र अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं असतं. खोलीतली हवा बदलते की नाही, त्यावरून कळत नाही.

आता पाणी. नवीन पनवेलला सिडको जे पाणी देते, ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या भोकरपाडा शुद्धीकरण केंद्रातून येतं. ते मूळचं पाताळगंगेचं आणि पाताळगंगेत ते येतं लोणावळ्याच्या धरणांतून, टाटांच्या खोपोली वीजगृहात वीज तयार करून. घाटमाथ्यावरून निघालेल्या या पाण्याचा सर्वांत नाजूक वापर डायलिसिसच्या खोलीत होतो.

डायलिसिसच्या यंत्रात मिनिटाला पाचशे मिलिलिटर द्रव फिरतो. चार तासांचे झाले १२० लिटर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल, तर ३६० लिटर पाणी एका पातळ पडद्याआडून रुग्णाच्या रक्ताजवळून जातं. आपण पितो त्या पाण्यातलं काहीबाही आतडं आणि मूत्रपिंड अडवतात. इथे त्यातलं काहीच नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि त्यापासून बनणारी क्लोरामाइन्स आपल्याला त्रास देत नाहीत, पण डायलिसिसमध्ये ती रक्तात उतरली तर लाल पेशी फोडतात. पावसाळ्यात नदी गढूळ होते, तुरटी वाढते, क्लोरीन वाढतो. शटडाउनच्या दिवशी टँकर मागवला, तर पाणी बोअरवेलचंही असू शकतं, म्हणजे जड. आरओ प्लांटच्या आधी कार्बन फिल्टर असतो, तो क्लोरीन अडवतो. फिल्टर संपल्याचं बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक पाळीच्या आधी त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी करायची आणि नोंद ठेवायची असते. दोन मिनिटांचं काम आहे. ते कुणी करायचं, तंत्रज्ञाने की मेंटेनन्सने, हे अनेक ठिकाणी ठरलेलंच नसतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा दोष तोच.

विजेबद्दल थोडक्यात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघा वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. अशा वेळी जनरेटर सुरू होऊन भार घ्यायला काही सेकंद लागतात. तो दर आठवड्याला रिकामा चालवून बंद करणं ही चाचणी नव्हे. खऱ्या भारावर अर्धा तास चालवला, तरच बॅटरी, चेंजओव्हर आणि डिझेल यांची पारख होते. आणि गाढी नदीच्या या खोऱ्यात, २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर, जनरेटर तळघरात ठेवण्याचा विचारही कुणी करू नये.

हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला बहुतेक रुग्णालयांत ‘मेंटेनन्सवाला’ म्हणतात. एसी थंड होत नाही, फ्लश गळतो, लिफ्ट अडकली, फोन त्यालाच. व्हेंटिलेटर किंवा हाय फ्लो मशीन खरेदी करताना मात्र त्याला बैठकीला बोलावत नाहीत. मशीन दारात आल्यावर त्याला कळतं की लाइन पुरणार नाही. ब्रिटनमध्ये वैद्यकीय वायूच्या लाइनला हात लावायचा, तर नेमलेल्या अभियंत्याची लेखी परवानगी लागते आणि त्या वॉर्डाच्या जबाबदार परिचारिकेची सही लागते. इतका साधा कागद आपल्याकडेही उद्यापासून सुरू करता येईल, त्याला खर्च शून्य आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या एकटेपणाची. एका रुग्णालयात व्हॉल्व्ह गळाला आणि वेळेत सापडला, तर ती गोष्ट त्याच इमारतीत राहते. बदनामीच्या भीतीने ती बाहेर जात नाही आणि शेजारच्या सेक्टरमध्ये तोच व्हॉल्व्ह तसाच गळत राहतो. डॉक्टर आपल्या संघटनांमध्ये अवघड केसेस मांडतात, चुकांवर बोलतात. अमेरिकेत रुग्णालय अभियंत्यांची राष्ट्रीय संघटना आहे. न्यू इंग्लंडसारख्या एकेका प्रदेशाची स्वतंत्र संघटनाही आहे. तिथे हीच मंडळी एकमेकांना आपले बिघाड सांगतात. पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या पट्ट्यात वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापासून दहा खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत सगळं आहे. पाणी, पूर आणि दमट हवा सगळ्यांना सारखीच आहे. एकत्र बसायला याहून वेगळं कारण लागत नाही.

म्हणून या भागातल्या रुग्णालय चालकांना माझी विनंती आहे. तुमच्या अभियंत्याला महिन्यातली एक दुपार मोकळी द्या आणि शेजारच्या रुग्णालयातल्या अभियंत्याला भेटू द्या. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या ऑक्सिजन लाइनचं ड्रॉइंग आणावं, आज आहे तसं, दुरुस्त केलेलं. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी या पावसाळ्याच्या आत लाइन पायी फिरून काढून घ्यावं.

पुढच्या लेखांकात : रुग्णालयाचं सांडपाणी कुठे जातं?