रात्री दोन वाजता कूस कोण बदलतं?

सकाळी आठच्या सुमाराला येरवड्याच्या पर्णकुटी चौकात पाच मिनिटं उभं राहिलं, तर हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि डोळ्यांत रात्रभराचं जागरण घेऊन उतरणाऱ्या काही बायका दिसतात. कुणी लक्ष्मीनगरची, कुणी नागपूर चाळीतली. शहरातल्या वृद्धाश्रमांत, शुश्रूषा केंद्रांत आणि बंगल्यांत रात्रपाळी करून त्या परतत असतात. घरचे लोक त्यांना मावशी म्हणतात, ब्युरोवाले आया म्हणतात. म्हाताऱ्या माणसांच्या काळजीबद्दल आपण बोलतो तेव्हा इमारत, बाग, जेवण, मासिक शुल्क यांची चौकशी करतो. या बायकांची करत नाही. मला आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

आमच्या गल्लीतली एक मावशी एकदा सहज म्हणाली, "आमच्या मजल्यावर वीस जणं, अन् आम्ही दोघी." मी घरी येऊन हिशेब मांडला. वीसपैकी आठ जणांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा, दर दोन तासांनी म्हटलं तरी चार फेऱ्या. म्हणजे बत्तीस वेळा कूस बदलायची. अंगानं जड असलेल्या माणसाला दोघींनी मिळून उचलावं लागतं. त्यातच डायपर, ओल्या चादरी, कुणाची हाक, कुणाची उलटी.

दोन तासांचं महत्त्व काय? माणूस एकाच अंगावर पडून राहिला की माकडहाड, टाच, कुल्ला अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते. तिथला रक्तपुरवठा थांबतो. आधी नुसता लालसर डाग दिसतो. बोटानं दाबून सोडल्यावरही त्याचा लालपणा गेला नाही, तर ती धोक्याची सूचना. त्या वेळी कूस बदलली, जागा कोरडी ठेवली तर बरंचसं निभावतं. दुर्लक्ष झालं तर कातडी फुटते, आणि काही वेळा जखम हाडापर्यंत जाते. म्हणून वृद्धाश्रम पाहायला गेलात तर दिवाणखान्यातला देव्हारा पाहा, पण 'पाठीला जखमा झालेले किती जण आहेत आणि त्यांतल्या किती जखमा इथं आल्यावर झाल्या,' हेही विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस वही उघडतो की चहा मागवतो, त्यावरून पुष्कळ समजतं.

पाण्याचंही असंच. वय वाढलं की तहान कमी लागते. शिवाय, बाथरूमसाठी परत परत कुणाला उठवायचं, या संकोचानं म्हातारी माणसं मुद्दाम पाणी पीत नाहीत. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि एखाद्या रात्री माणूस अचानक बरळू लागतो. आपण म्हणतो, म्हातारा चळला. झोपेची गोळी दिली जाते. गुंगीत उठताना तो पडतो आणि खुबा मोडतो. सुरुवात कुठून झाली? न दिलेल्या पेलाभर पाण्यापासून! हे मावशीच्या लक्षात येऊ शकतं, पण तिला कुणी शिकवलेलं असेल आणि तिचं म्हणणं कुणी ऐकत असेल तर.

अमेरिकेत १९८७ साली याबाबत कायदा झाला. तिथल्या नर्सिंग होममधल्या माणसांना कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवायचं नाही, प्रत्येकाची नीट तपासणी करून त्याच्यापुरती काळजीची योजना लिहायची, हे त्यानं बंधनकारक केलं. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांच्या सोयीचा वृद्धाश्रम असावा, असं त्यात म्हटलं आहे. काळजी केंद्रांची नोंदणी, किमान दर्जा आणि घरी येणाऱ्या सेवकांचं प्रशिक्षण या गोष्टी २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होत्या. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झालं. कवीनं कायद्यावर फार बोलू नये, पण हे मला लागलं.

आमच्या येरवड्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, अडीच हजार खाटांचं. आजार आटोक्यात आला तरी घरचं कुणी न्यायला येत नाही, म्हणून आतच म्हातारी होणारी माणसं अशा रुग्णालयांत असतात. केवळ कुटुंब स्वीकारत नाही या कारणानं कुणाला तिथं ठेवता येणार नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. मग त्यांना पाठवायचं कुठं? महाराष्ट्रातल्या मनोरुग्णालयांतून अशा रुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जात असल्याचं सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, तेव्हा जुलै २०२१ मध्ये न्यायालयानं ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. वृद्धाश्रमात खाट मिळाली म्हणजे पुनर्वसन झालं, असं न्यायालयानं मानलं नाही.

माझी खाला शेवटचं दीड वर्ष अशाच एका ठिकाणी होती. सुरुवातीला तिची एकच तक्रार असायची, नमाज चुकते. पाण्याला हात पोचत नाही, मग वजू कशी करणार? आजाऱ्याला पाणी वापरता येत नसेल तर स्वच्छ मातीवर हात मारून ते तोंडावरून आणि हातांवरून फिरवले तरी चालतं, त्याला तयम्मुम म्हणतात. मी हे तिथल्या रात्रपाळीच्या मावशीला सांगितलं. ती हिंदू, येरवड्याचीच. दुसऱ्या दिवशी तिनं एक कोरी वीट आणली, फडक्यानं पुसली आणि खालाच्या उशाशी ठेवली. पहाटेची कूस बदलायला आली की ती वीट पुढे धरायची, "आजी, घ्या हात फिरवून," आणि पलंगाचा डोक्याकडचा भाग थोडा उंच करायची.

खालाच्या पाठीला एकही जखम नव्हती. ती मावशी मात्र सहा महिन्यांत काम सोडून गेली. कंबर धरली होती तिची.