मिस्त्रीच्या भरवशावरची गाडी

सांगलीहून तासगावकडे निघाले की शहर संपता संपता माधवनगर लागते, पुढे बुधगाव आणि कवलापूर. या रस्त्यावर आता मोठ्या गाड्यांची गर्दी असते. हंगामात उसाच्या ट्रॉल्या निम्मा रस्ता अडवतात. तरी मधूनच एखादी मारुती ८०० दिसते आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. जुन्या फियाट किंवा ॲम्बेसेडरभोवती माणसे फोटो काढायला जमतात, ८०० भोवती कुणी जमत नाही. कारण ती अजून कामावर आहे. कुणाची द्राक्षबागेतली औषधे तिच्या डिकीत असतात, कुणी तिच्यातून आईला डायलिसिसला मिरजेला नेतो, तर कुणाचा मुलगा तिच्यावर गाडी शिकतो.

कारखान्यातून शेवटची ८०० बाहेर पडली ती १८ जानेवारी २०१४ रोजी. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सर्वात नवी ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. एवढ्या स्वस्तात बनवलेली, साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाची, पातळ पत्र्याची ही गाडी इतकी टिकली कशी? भक्कमपणा हे त्याचे उत्तर नाही, कारण भक्कम ती कधीच नव्हती. ती कुणालाही उघडता येत होती, म्हणून टिकली.

१९८३ च्या उन्हाळ्यात मारुतीची नोंदणी बंद झाली तेव्हा सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी पैसे भरलेले होते. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती, पण नंबर लवकर लागलेला माणूस तीच गाडी वर ‘ऑन’ घेऊन विकू शकत असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. त्यांचे नाव सोडतीत निघाले होते. २०१० मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ती गाडी स्वतःकडेच ठेवली. एका मालकाने एक छोटी गाडी सत्तावीस वर्षे सांभाळावी, याचे याहून ठळक उदाहरण देशात सापडणार नाही. आपल्याकडची बहुतेक ८०० मात्र अशा एकनिष्ठ घरी राहिली नाहीत. त्या हात बदलत गेल्या, आणि त्यांची खरी गोष्ट त्या हात बदलण्यातच आहे.

छोट्या मोटारीची ओढ या भागाला नवी नव्हती. कृष्णेपलीकडे इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिकमतीवर घडवली होती. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी, हेच त्यांचे ध्येय होते. मीरा कारखान्यात बनून बाजारात कधी आली नाही. पण यंत्र उघडायचे, समजून घ्यायचे आणि पुन्हा चालू करायचे ही इथली सवय जुनी आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून या जिल्ह्यात लेथ, ओतकाम आणि पंप यांची भाषा बोलली जाते. माधवनगरला यंत्रमागांचा खडखडाट होता. ८०० इथे आली तेव्हा तिला ओळखणारे हात आधीपासून तयार होते.

शिवाय यंत्र सोपे. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, एफ८बी नावाचे इंजिन. तीन प्लग, एक कार्बोरेटर, चार गिअर, बारा इंची चाके आणि अठ्ठावीस लिटरची टाकी. बॉनेट उचलले की इंजिनाच्या बाजूने हात घालायला जागा उरते, आणि मिस्त्रीच्या दृष्टीने हा गुण पिकपपेक्षा मोठा. हिवाळ्यात सकाळी चोक ओढायचा, सेल मारायचा, गाडी थोडी थरथरते, मग लागते. बॅटरी बसली तर दोन माणसांच्या धक्क्याने चालू होते. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारे एमपीएफआय आले आणि चोकची कटकट संपली. गाडीचा स्वभाव मात्र तोच राहिला.

तिची दुखणीही ठरलेली. वळताना पुढच्या चाकातून कटकट आवाज आला की जॉइंटचे रबर फाटून ग्रीस गेले आहे. स्टिअरिंग हातात थरथरू लागले की लिंक रॉड किंवा बुश. क्लच जड झाला की आधी वायर बघायची, प्लेट नंतर. तापमानाचा काटा वर चढला की पंखा, थर्मोस्टॅट, होज अशा क्रमाने तपासायचे आणि गॅस्केट गेले असे लगेच ठरवायचे नाही. हे निदान करायला इथल्या मिस्त्रीला पुस्तक लागत नाही. पन्नास-शंभर गाड्यांत तेच दुखणे पाहिल्यावर कान तयार होतो.

इथे आकड्याला महत्त्व येते. देशात सव्वीस लाखांच्या वर ८०० विकल्या गेल्या. एवढ्या गाड्या रस्त्यावर असल्या की त्यांच्या सुट्या भागांची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहते. कंपनीचा अस्सल भाग, त्याच्या खालच्या किमतीचा स्थानिक भाग आणि भंगारातून काढलेला भाग असे तीन दर मिस्त्री समोर ठेवतो आणि गिऱ्हाईक खिसा बघून निवडतो. हेच इंजिन ओम्नी व्हॅनमध्येही होते आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत राहिली. म्हणजे ८०० गेल्यानंतरही पाच वर्षे तिच्या इंजिनाचा वंश कारखान्यात चालू होता. शाळेच्या मुलांच्या आणि भाजीच्या ओम्नी जोवर फिरताहेत, तोवर ८०० ला पिस्टन रिंगसाठी वणवण करावी लागत नाही.

याच्या उलट नॅनो. २००९ मध्ये एक लाखाच्या घोषणेने आलेली, पुण्यातल्या अभियंत्यांच्या कल्पकतेतून उतरलेली, मागे दोन सिलिंडरचे इंजिन असलेली ही गाडी शोरूममध्ये सर्वात स्वस्त होती. पण २०१८ पर्यंत तिची विक्री तीन लाखांच्या आतबाहेरच राहिली. गावात चारच नॅनो असतील तर त्यांच्यासाठी कोण माल भरून ठेवणार आणि कुणाचा हात बसणार? विकत घेतानाची स्वस्ताई आणि सांभाळतानाची स्वस्ताई यांच्या वह्या वेगळ्या असतात.

८०० च्या सांभाळण्याची वही मालकागणिक बदलते. पहिल्या मालकाने नव्या गाडीची घसरण सोसलेली असते. ती कंपनीच्या सर्व्हिसिंगला जाते, ऑइल वेळेवर बदलते. दुसऱ्या हातात ती नाक्यावरच्या गॅरेजात येते. इथून दुरुस्तीचा खर्च निम्म्याने उतरतो आणि तिचे आयुष्य मिस्त्रीच्या सचोटीवर अवलंबून राहते. तिसऱ्या-चौथ्या हातात ती चांगल्या मोटरसायकलीपेक्षा कमी पैशांत जाते. तिथे चार माणसांना पावसात कोरडे नेणे एवढेच तिचे काम उरते. दवाखान्याबाहेर उभी राहणारी डॉक्टरांची गाडी अशा रीतीने शिक्षकाकडे, तिथून बागायतदाराकडे आणि शेवटी ड्रायव्हिंग स्कूलकडे पोचते. पैशाने एक-एक पायरी उतरत जाताना ती प्रत्येक पायरीवर कुणाला तरी पहिल्यांदा चारचाकीत बसवते.

नियमांनीही या भागाला थोडी जास्त मुदत दिली. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ या प्रदूषण मानकाची सक्ती मोजक्या शहरांत झाली आणि त्या शहरांत ८०० ची विक्री थांबली. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर होते, सांगली नव्हती. त्यामुळे सोलापुरात नवी ८०० मिळणे बंद झाले तरी सांगलीत एमएच १० च्या नव्या पाट्या तिच्यावर आणखी काही वर्षे चढत राहिल्या. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची तलवार लटकत आली. आपल्याकडे तसे नाही. पंधरा वर्षे झाली की गाडी पासिंगला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, पुढची पाच वर्षे मिळवायची. मात्र ही पाच वर्षे महाग होत चालली आहेत. पुनर्नोंदणीचे शुल्क २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार झाले. गाडीची बाजारातली किंमतच जिथे काही हजारांत आहे, तिथे हा आकडा इंजिनाच्या कामापेक्षा जड वाटतो.

कृष्णेच्या काठी गाडी सांभाळायची तर पुराचा विचार सुटत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या वर्षी पाण्याखाली गेलेल्या गाड्यांनी गॅरेजे भरून गेली. बुडालेल्या गाडीला पहिला नियम एकच : किल्ली फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि धुऊन निघाली असती ती गाडी भंगारात जाते. जुन्या कार्बोरेटरवाल्या ८०० मध्ये मिस्त्री तिन्ही प्लग काढतो, इंजिन फिरवून पाणी बाहेर टाकतो, ऑइल बदलतो, थोडे चालवून काढतो, पुन्हा नवे भरतो. टाकी आणि कार्बोरेटर साफ, ब्रेकचे ड्रम उघडून साफ, आसने उन्हात. आठवड्याभरात ती परत रस्त्यावर येऊ शकते. नव्या गाडीत जमिनीलगत असलेल्या वायरिंगमध्ये आणि कंट्रोल युनिटमध्ये पाणी गेले की विमा कंपनीचा माणूस हिशेब करतो आणि अनेकदा दुरुस्तीपेक्षा गाडी सोडून देणेच परवडते.

दुसरा शत्रू मात्र घरचाच आहे. सांगलीतून माधवनगरकडे येतानाच वसंतदादा साखर कारखाना लागतो. जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी ही घट सहा ते सात टक्के धरली होती. त्याहून मोठी अडचण अशी की इथेनॉल पाणी ओढते. महिनाभर उभ्या राहिलेल्या ८०० च्या टाकीत गंज धरतो, जुन्या रबरी नळ्या फुगतात, कार्बोरेटरमध्ये साका बसतो. उसाला दर मिळावा म्हणून आंदोलनात उतरणारा आणि ‘गाडी पेट्रोल ओढायला लागली’ म्हणून मिस्त्रीकडे येणारा माणूस इथे एकच असू शकतो. उपाय साधा आहे : नळ्या बदलून घ्याव्यात, फिल्टर वरचेवर बघावा आणि गाडी उभी ठेवू नये.

तिच्या उणिवा झाकायचे कारण नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि बाजूच्या दारांचा पत्रा हाताने ठोठावला तरी डब्यासारखा वाजतो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या छोट्या गाड्या आपटून पाहिल्या तेव्हा तिची धाकटी बहीण अल्टो ८०० प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळवून परतली. रात्री दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर येते तेव्हा हे शून्य आठवावे. शहाणा मालक ही गाडी गावात, मळ्यात, मिरज-तासगावच्या फेऱ्यांत वापरतो आणि महामार्गावर दामटत नाही.

मग ती ठेवायची कधीपर्यंत? इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स दुसरा बसवता येतो. पायाखालचा पत्रा सडला, जॅक लावताच आत जाऊ लागला, की थांबायचे. तिथे पैसे घालणे म्हणजे नुसती माया. पत्रा धड असेल तर पुनर्नोंदणी करून घ्यावी. शेवटच्या ८०० ची पहिली पंधरा वर्षे २०२९ मध्ये पुरी होतील, त्यामुळे पासिंगच्या रांगेत ती पुढची काही वर्षे तरी दिसत राहील.

सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला आणि पुन्हा एकदा नव्या छोट्या गाडीचे हिशेब घरोघरी मांडले जाऊ लागले. त्या हिशेबात ॲव्हरेज असते, हप्ता असतो, रंगही असतो. नाक्यावरचे मिस्त्री आता स्कॅनर लावून नव्या गाड्यांचे कोडही वाचतात, पण प्रत्येक कंपनी त्यांना सारखे आत येऊ देत नाही. तेव्हा बयाणा देण्याआधी त्या गाडीचे नाव घेऊन आपल्या मिस्त्रीला विचारावे. तो कोणते भाग सांगलीत मिळतात आणि कोणते पुण्याहून मागवावे लागतात हे सांगेल, आणि पुढच्या पंधरा वर्षांचा खर्च त्या उत्तरातच निघेल.