कथा लिहिणाऱ्याने नाटकाला का जावे?

गेल्या वर्षी याच वार्षिकासाठी मी एक कथा दिली होती. विषय आजोबांचा मृत्यू. ती साभार परत आली. लिहिताना मी दोनदा रडलो होतो. तेव्हा वाचणारा रडणार नाही, अशी शंकासुद्धा मनात आली नव्हती. तक्रार घेऊन मराठीच्या सरांकडे गेलो. त्यांनी कथा वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "शेवटचे नाटक कधी पाहिलेस?" मला हे चक्क विषयांतर वाटले. वर्षभर नाटके पाहिल्यावर मात्र त्या प्रश्नातच उत्तर होते हे पटले.

कथेचा वाचक कंटाळला तर मुकाट्याने पान उलटतो. लेखकाला पत्ताही लागत नाही. नाट्यगृहात कंटाळा ऐकू येतो. खुर्च्या करकरतात, एक खोकला दुसऱ्याला बोलावतो, मागे कुजबुज सुरू होते. आणि गोष्ट पकड घेते तेव्हा पंख्याचा आवाजही जाणवू लागतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की आवडलेले नाटक दोनदा पाहावे. पहिल्यांदा रंगमंचाकडे आणि दुसऱ्यांदा प्रेक्षकांकडे.

पुण्यात राहणाऱ्यांना यासाठी दूर जायला नको. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका चुकवू नयेत. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेल्या या स्पर्धेत आपल्याच वयाची मुले लिहितात आणि आपल्याच वयाची मुले त्यांना निर्दयपणे दाद देतात किंवा देत नाहीत. १९६८ साली उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात व्यावसायिक नाटके पाहावीत. हजार माणसांना एकाच वेळी कसे हसवतात, ते तिथे कळते. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच अगदी लहान. तिथे नटाचा श्वास ऐकू येतो, त्यामुळे खोटे वाक्य लगेच उघडे पडते.

ज्यांचे प्रयोग सहज मिळत नाहीत, ती नाटके ग्रंथालयातून आणून मोठ्याने वाचावीत. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) पाहा. बेणारेबाईंचे प्रेमप्रकरण कधीच घडून गेले आहे. लेखक तिथून सुरुवात करत नाही. वेळ घालवायला मांडलेल्या खोट्या खटल्यापासून करतो. ज्या प्रोफेसर दामल्यांमुळे हे सारे घडले, ते रंगमंचावर येतच नाहीत. दाराच्या कडीचा त्रास सुरुवातीला जाता जाता कळतो. पुढे बाई निघून जाऊ पाहतात, तेव्हा तेच दार उघडत नाही. कथेतली वस्तू अशी दोनदा यावी, पहिल्यांदा सहज आणि दुसऱ्यांदा अटळपणे.

आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाची हकीकत कीर्तनाच्या ढंगात सांगतात. त्यांना दहन हवे आहे ते जुन्याच स्मशानात, आणि ते तर बंद झालेले! मरणाच्या गोष्टीत हसू येते आणि त्या हसण्यानेच ती अधिक बोचते. गोष्ट काय आहे, याइतकेच ती कोण सांगतो हे महत्त्वाचे, हा धडा मला इथे मिळाला.

मग मी माझी जुनी कथा काढली आणि वसतिगृहातल्या चार मित्रांना मोठ्याने वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर एकजण काडेपेटीशी खेळू लागला. तिथे खूण केली. त्या पानावर "डोळ्यांपुढे अंधार पसरला" हे वाक्य मी तीनदा लिहिले होते! आजोबा गेल्यावरही संध्याकाळी आजीने सवयीने त्यांच्या चपला उन्हातून सावलीत सरकवल्या होत्या. ते मी पाहिले होते आणि लिहिलेच नव्हते. माझे रडणे पानभर होते, आजीचे एक ओळही नव्हते.

कथा पुन्हा लिहिली. या वेळी ती चपलांपासून सुरू होते आणि अंधार कुठेच पसरत नाही. मित्रांना वाचून दाखवली, तेव्हा काडेपेटी खिशातच राहिली. ती संपादक मंडळाकडे दिली आहे. या अंकात आली आहे का, ते वाचकांनी अनुक्रमणिकेत पाहावे. नसेल, तर मी भरतच्या शेवटच्या रांगेत सापडेन.