न घडलेल्या घटनेची तयारी

दहशतवादी हल्ल्यात रासायनिक, जैविक किंवा किरणोत्सारी पदार्थ वापरला गेल्यास काय करावे, हे शिकविणाऱ्या अभ्यासक्रमांपुढे एक विलक्षण अडचण असते. शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपली विद्या प्रत्यक्ष वापरण्याची वेळ आयुष्यात एकदाही येत नाही. शल्यविशारदाचा हात रोजच्या कामाने तयार राहतो. महासंहारक अस्त्रांविषयीचे अग्निशमन अधिकाऱ्याचे ज्ञान मात्र वापराअभावी गंजत जाते. अशा घटना विरळ असतात हे समाजाचे सुदैव असले, तरी शिक्षकाच्या दृष्टीने तीच खरी पंचाईत आहे.

या विषयाच्या अध्यापनात वारंवार येणारे उदाहरण टोकियोचे आहे. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो या पंथाच्या अनुयायांनी तेथील भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सारिन हे रसायन सोडले. मज्जातंतूंकडून स्नायूंकडे संदेश नेणाऱ्या ॲसिटिलकोलिन या द्रव्याचे, त्याचे काम होताच, शरीरातील एक विकर विघटन करते. सारिन नेमके त्या विकरालाच निकामी करते, त्यामुळे संदेश थांबतच नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आक्रसतात, लाळ व स्राव वाढतात आणि श्वसनाचे स्नायू थकून बंद पडतात. ॲट्रोपिन हे औषध या अतिरेकी संदेशांचा परिणाम रोखते, तर प्रॅलिडॉक्सिम विकराला सारिनच्या पकडीतून सोडविते; मात्र ही पकड काही तासांत कायमची होत असल्याने ते वेळेवर द्यावे लागते. म्हणजे निदानाला लागणारा वेळ हाच येथे उपचाराचा भाग ठरतो.

त्या दिवशी सेंट ल्यूक या एकाच रुग्णालयात सुमारे ६४० रुग्ण आले, त्यांतील अनेक जण चालत किंवा मिळेल त्या वाहनाने पोहोचले आणि त्यांच्या कपड्यांत मुरलेले सारिन बंद खोल्यांत पसरले. पुढे केलेल्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या ४७२ कर्मचाऱ्यांपैकी ११० जणांना, म्हणजे २३ टक्क्यांना, विषबाधेची लक्षणे जाणवल्याचे आढळले. रुग्णाचे कपडे आधी उतरवावेत, एवढी साधी गोष्टही ऐन गर्दीत आपोआप सुचत नाही. विशेष म्हणजे मात्सुमोतो येथे जून १९९४ मध्ये याच पंथाने केलेल्या हल्ल्यातील रुग्णांवर उपचारांचा अनुभव असलेल्या शिन्शू विद्यापीठातील डॉक्टरांनी दूरचित्रवाणीवरील बातम्यांतून लक्षणे ओळखली आणि दूरध्वनी व फॅक्सद्वारे टोकियोतील रुग्णालयांना माहिती पुरविली. हेही दूरशिक्षणच होते, फक्त त्याचा वर्ग घटना घडून गेल्यावर भरला होता.

अमेरिकेने १९९६ च्या एका कायद्यान्वये १२० शहरांतील यंत्रणांना महासंहारक अस्त्रांसंबंधी प्रशिक्षण देण्याचे ठरविले. प्रशिक्षक शहरोशहरी पाठविण्याच्या या पद्धतीला स्वाभाविक मर्यादा होत्या, कारण त्या देशातील अग्निशमन दलांत स्वयंसेवकांचे प्रमाण मोठे असून आपला व्यवसाय सोडून आठवडाभर वर्गात बसणे त्यांना परवडत नाही. २००१ नंतर ऑनलाइन शिक्षणाचा विस्तार झाला तो या पार्श्वभूमीवर. ‘फेमा’ या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे स्वयंअध्ययनाचे पाठ विनामूल्य उपलब्ध झाले, तर कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेने अंतर्गत सुरक्षेचा दीड वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असा आखला, की विद्यार्थ्याने दर तिमाहीत सुमारे दोन आठवडे संस्थेत राहावे आणि उरलेले अध्ययन नोकरी सांभाळून ऑनलाइन करावे.

पडद्यावरच्या शिक्षणाची खरी ताकद स्वस्ताईत नसून पुनरावृत्तीत आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के, तर वाचून स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला. ठरावीक काळाने येणारी दहा प्रश्नांची चाचणी म्हणूनच एकदाच मिळून भिंतीवर लटकणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक मोलाची असते; दुर्दैवाने, संस्थांना मोजायला सोपी असतात ती प्रमाणपत्रे.

हाताची विद्या मात्र पडद्यावर येत नाही. श्वसनमुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला की नाही, हे तो घातल्याशिवाय कळत नाही, आणि जाड रबरी हातमोज्यांतून शीर शोधणे किती कठीण असते, हे चित्रफितीत दिसत नाही. अलाबामातील ॲनिस्टन येथील केंद्रात संरक्षक पोशाख घातलेले प्रशिक्षणार्थी खऱ्या मज्जाघातक रसायनांच्या सान्निध्यात काम करतात, ते याचसाठी. खुल्या पाठांना आणखी एक पथ्य पाळावे लागते : लक्षणे, अंतर, निर्विषीकरण आणि आदेशसाखळी शिकवायची, निर्मितीच्या वाटेला जायचे नाही.

भारतात या प्रसंगांसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या प्रशिक्षित केल्या जातात आणि त्यांतील एक वाहिनी पुण्याजवळ आहे. तथापि धोक्याची पहिली गाठ अशा पथकाशी पडेलच असे नाही. २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगारबाजारात एका विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने उपकरण फोडले गेले, त्यातील कोबाल्ट-६० च्या किरणोत्साराने एका कामगाराचा मृत्यू झाला. तो दहशतवाद नव्हता, पण तयारीची कसोटी तीच होती. मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाला याची खबर कोणत्याही मापकयंत्राने दिली नाही. रुग्णाच्या त्वचेवरील जखमा पाहून शंका आलेल्या एका रुग्णालयाने ती कळविली.