गिझरची तिसरी वायर

नागपूर म्हटलं की उन्हाळाच आठवतो, पण 29 डिसेंबर 2018 रोजी इथला पारा 3.5 अंशांपर्यंत घसरला होता. अशी हुडहुडी भरली, की कित्येक महिने बंद असलेले गिझर घरोघरी सुरू होतात. ते सुरू करण्याआधी त्यांची जोडणी तपासून घ्यायला हवी.

टाकीचा घरगुती गिझर बहुधा 2,000 वॉटचा असतो. 230 व्होल्टवर तो जवळपास 8.7 अँपिअर करंट ओढतो. त्यामुळे 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो कधीच लावू नये. त्याला 16 अँपिअरचं पॉवर सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते.

वायर चांगली असूनही स्क्रू सैल राहिला, तर घात होतो. जोडणीत अवघा 0.1 ओहम रोध आला, तरी त्या टिचभर जागेत साडेसात वॉट उष्णता साठत राहते. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग करपतं. प्लग हाताला गरम लागला किंवा जळका वास आला, की मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावं.

खरा जीव वाचवते ती हिरवी, अर्थिंगची वायर. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जुळतं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतं. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार चढतात. कालांतराने तिचं आवरण फुटलं, तर करंट पाण्यात आणि टाकीत उतरतो. त्याला जमिनीत जाण्याची वाट अर्थिंगच देतं.

मात्र ही वाट नागपुरात वर्षभर सारखी नसते. इथल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल उडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. समजा, तो 20 ओहम झाला. मग गळतीचा करंट फार तर साडेअकरा अँपिअर होईल. एवढ्याने 16 अँपिअरची एमसीबी पडत नाही आणि टाकीत करंट तसाच राहतो. एमसीबी वायरिंग वाचवते; माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, की ती क्षणार्धात पुरवठा तोडते.

जुन्या घरांत अर्थिंग नसलं, की काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल अर्थिंगच्या पिनला जोडतात. हा जीवघेणा प्रकार आहे. न्यूट्रल कुठे तुटला, तर गिझरचा पत्राच फेज होतो.

म्हणूनच हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. त्याच्याकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण त्याच्यासमोरच दाबून पाहावं. बटण दाबूनही ती पडली नाही, तर बदलेपर्यंत गिझर बंदच ठेवावा.